गाडीत हरवलेली कुडी, अंगठी, फिरकी: शोध कुठून आणि कसा सुरू करायचा

एका लग्नासाठी आम्ही पुण्याहून साताऱ्याला निघालो तेव्हा आईच्या दोन्ही कानांत कुड्या होत्या. कार्यालयाच्या दारात गाडी थांबली, आई उतरली आणि आरशात बघून पदर सारखा करताना तिच्या लक्षात आलं की डावा कान रिकामा आहे. त्या कुड्या तिच्या आईच्या, म्हणजे माझ्या आजीच्या. मी घाईघाईने तिची सीट मागे सरकवली, मोबाईलची बॅटरी लावून खाली वाकलो, काही दिसलं नाही म्हणून सीट परत पुढे घेतली. दोन दिवसांनी कुडी सापडली, त्याच सीटच्या रुळात. एक मोती फुटला होता. पडताना मोती फुटत नाही, खाली कार्पेट असतं. तो मी सीट सरकवली तेव्हा फुटला.

त्यानंतर घरच्या, शेजारच्या, मित्रांच्या गाड्यांत बऱ्याच वस्तू शोधून दिल्या. त्यातून एक गोष्ट पक्की कळली. बंद गाडीत पडलेली वस्तू बहुतेक वेळा गाडीतच असते. ती मोडते किंवा खरोखर हातची जाते ती शोधाच्या पहिल्या दहा मिनिटांत आणि आपल्याच हातून: सीट सरकवून, मॅट बाहेर झटकून, दार आपटून, एसी लावून, व्हॅक्यूम फिरवून. त्यामुळे खाली जे सांगितलंय त्यात काय करायचं याइतकंच कधी करायचं हे महत्त्वाचं आहे. ज्यांनी गाडीची सीट कधी उचलून पाहिली नाही त्यांनाही करता येईल अशा क्रमाने लिहितो.

गाडी चालत असेल तर

चालवणाऱ्याने वाकायचं नाही, पायाने चाचपायचं नाही. सोन्याची वस्तू पायाखाली तासभर राहिली तरी सोनंच राहते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर असाल तर कडेच्या पट्ट्यावर गाडी उभी करून दारं उघडू नका, खालापूरच्या फूड मॉलपर्यंत किंवा पुढच्या पेट्रोल पंपापर्यंत जा. थांबल्यावरही सगळ्यांनी एकदम उतरू नये. उतरताना मांडीवरून, पदरावरून वस्तू रस्त्यावर पडते आणि मग शोधायला गाडीही उरत नाही.

उतरण्याआधी दाराबाहेर जमिनीवर एक फिकट चादर किंवा पंचा पसरा. काहीच नसेल तर वर्तमानपत्र चालेल. मग एकेकाने सावकाश त्यावर उतरावं. दार आपटू नका, हाताने लोटून लावा. पंखा, एसी, काचा, सीट, कशालाही हात लावू नका. गाडी आत्ता जशी आहे तशीच ती तुम्हाला सगळ्यात जास्त माहिती देणार आहे.

वस्तू गाडीतच पडली हे कशावरून?

दोन तास गाडी उसवून मग कळतं की कुडी घरच्या मोरीत होती. हे टाळायला फोटो बघा. लग्नाला, सहलीला निघालेल्या माणसांनी निघताना एखादा तरी फोटो काढलेला असतो. तो मोठा करून दोन्ही कान, नाक, बोटं तपासा. फोनमध्ये फोटोची वेळ असते. वस्तू दिसते तो शेवटचा फोटो आणि दिसत नाही तो पहिला फोटो, या दोन वेळांच्या मधेच ती पडली. आमच्या बाबतीत घराच्या दारातल्या फोटोत दोन्ही कुड्या होत्या, कार्यालयाच्या पायरीवरच्या फोटोत एक. मधे आई कुठेही उतरली नव्हती. शोधाची जागा तेवढ्यावर ठरली.

मग अंगावरचे कपडे. ही पायरी लोक वगळतात आणि निम्मा शोध इथेच संपण्यासारखा असतो. साडीच्या निऱ्या, पदराच्या घड्या, ब्लाउजची बाही, शालीचे गोंडे, स्वेटरचे टाके, ओढणी, गजरा, अंबाडा, मोकळे केस. कानातलं निसटलं की ते खाली जाण्याआधी केसांत किंवा विणलेल्या कपड्यात अडकतं. चादरीवर उभं राहून हळू झटका, केसांतून बोटं फिरवा, पर्स चादरीवर उलटी करा. लहान मूल मांडीवर होतं का? मग त्याची मूठ, खिसे आणि त्याची खेळणी बघा. मुलाने खडा किंवा फिरकी तोंडात घातल्याची जराही शंका असेल तर शोध तिथेच सोडा आणि आधी डॉक्टरकडे जा. गोल चपटी बॅटरी, म्हणजे किल्लीतला किंवा खेळण्यातला बटण सेल, हरवली असेल आणि मूल आसपास असेल तर एक मिनिटही थांबू नका. गिळलेला सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून भाजू शकतो.

काय पडलंय त्यावरून ते कुठे जाईल

सोनं आकाराच्या मानाने फार जड असतं. शुद्ध सोन्याची घनता पाण्याच्या १९ पटींहून थोडी जास्त, लोखंडाची आठपटीच्या जवळपास. त्यामुळे सोन्याची लहान वस्तू वर तरंगत राहत नाही, फटीतून खालच्या थराला जाते. गोल वस्तू घरंगळतात: अंगठी, सुटा मणी, मोती. चपट्या वस्तू पडतात तिथेच राहतात किंवा घसरतात: मंगळसूत्राची वाटी, लॉकेट. टोकेरी वस्तू कापडात रुततात: कुडी, नथ, चमकी, बुगडी. चमकी तर सीटच्या कापडात काट्यासारखी उभी बसते, डोळ्यांना दिसत नाही आणि तळहाताला टोचते.

गाडीनेही तिला ढकललेलं असतं. ब्रेक दाबला की सुट्या वस्तू पुढे जातात, चढावर मागे येतात. वस्तू कधी पडली याचा अंदाज असेल तर नंतरचा रस्ता आठवा. साताऱ्याकडे जाताना खंबाटकी चढली असेल तर पुढच्या सीटखाली पडलेली अंगठी मागच्या प्रवाशाच्या पायाशी शोधा. सिग्नलमागून सिग्नल घेत शहरात फिरला असाल तर पुढे, पायदानाच्या बाजूला.

चुंबकाबद्दल गैरसमज फार आहेत. सोनं, चांदी, प्लॅटिनम, मोती, हिरा, पितळ यांतलं काहीही चुंबकाला चिकटत नाही. चुंबक फिरवूनही सापडलं नाही म्हणून इथे नाहीच, असं समजू नका. लोखंडी कड्यात अडकवलेली किल्ली, सिमकार्ड काढायची टाचणी, स्क्रू, काही खोट्या दागिन्यांच्या फिरक्या, इअरबड यांना मात्र चुंबक लागू पडतो. धातुशोधक यंत्र भाड्याने आणायचा विचार करत असाल तर पैसे वाचवा. गाडीची जमीन, रूळ, सीटचा सांगाडा सगळंच लोखंड, यंत्र सगळीकडेच वाजेल.

हाताशी काय ठेवायचं

घरातल्याच वस्तू पुरतात. चांगली बॅटरी (मोबाईलची चालते, पण हातात धरायची बारीक बॅटरी बरी), हातात मावणारा आरसा, फिकट चादर, जुना पातळ पायमोजा किंवा मच्छरदाणीचा तुकडा, रबरबँड, दोन्ही बाजूंना चिकटणारी टेप, लांब पट्टी किंवा बांबूची काडी, पिठाची चाळण, पांढरा दोरा. चिमटा घेणार असाल तर त्याच्या टोकांना टेप गुंडाळा. सोनं मऊ असतं, पोलादी चिमट्याने त्यावर ओरखडे पडतात, मोत्यावर तर पडतातच.

मोबाईलला जोडायचा वायरसारखा बारीक कॅमेरा ऑनलाइन किंवा मोबाईलच्या सुट्या भागांच्या बाजारात स्वस्तात मिळतो. एका वस्तूसाठी घ्यायलाच हवा असं नाही, ओळखीच्या मेकॅनिककडे बहुधा असतो. पण ज्या फटीत डोळा जात नाही तिथे त्याच्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही.

पहिली फेरी फक्त डोळ्यांनी

ही फेरी रात्री किंवा सावलीत केलेली बरी. भर उन्हात बॅटरीचा उजेड कळत नाही. वरून खाली प्रकाश टाकला की कार्पेट सपाट दिसतं. बॅटरी जमिनीला टेकवा, झोत कार्पेटला समांतर जाऊ द्या. मग लहानसा खडाही मागे लांब सावली टाकतो आणि धातूची कड चमकते. डोकंही तेवढंच खाली न्या. ज्या बाजूने प्रकाश टाकताय तिथून बघा, मग समोरच्या दारातून बघा. चमक एकाच कोनातून दिसते, म्हणून चारही दारांतून ही फेरी व्हायला हवी. मोती आणि काळे मणी धातूसारखे चमकत नाहीत, त्यांची सावलीच शोधायची.

नंतर तळहात. बोटांनी उकरायचं नाही, सपाट तळहात सीटवर, सीटच्या शिवणीवर, कार्पेटवर हळू फिरवायचा. आपल्याकडे गाड्यांना वरून वेगळे सीट कव्हर घालायची पद्धत आहे. मूळ सीट आणि कव्हर यांच्यामधली जागा, कव्हरचा खाली दुमडलेला काठ, नाडी किंवा हूक लावलेली बाजू या वस्तू अडकायच्या ठरलेल्या जागा. कव्हर काढण्याआधी वरूनच दाबून बघा.

मॅट काढायची ती झटकायची नाही. चारही कडा मधे आणून गाठोड्यासारखी उचला, बाहेर पसरलेल्या चादरीवर ठेवा, तिथे उघडा. गवतासारख्या किंवा शेवयांसारख्या गुंत्याच्या मॅटमध्ये फिरकी आत रुतते. ती मॅट उलटी धरून चादरीवर मागून थोपटा. पूर्ण जमीन झाकणाऱ्या जाड, शिवलेल्या मॅट असतात त्यांच्याखाली आणखी एक थर असतो, तोही बघा. पावसाळ्यात मॅटवर चिखल असेल तर तो धुऊन टाकू नका, वाळू द्या आणि चाळणीतून चाळा.

पुढची सीट: इथे वेळ द्या

माझ्या अनुभवात हरवलेल्या वस्तूंपैकी सर्वांत जास्त सापडल्या त्या पुढच्या सीटच्या आसपास. त्यातही सीट आणि मधला कप्पा यांच्यामधल्या फटीत. तिथे हात अर्धवटच जातो आणि लोक लगेच सीट सरकवतात.

सीटखाली दोन रूळ असतात, आतला आणि बाहेरचा. सीट सरकते तेव्हा वरची पट्टी खालच्या पन्हाळीतून जाते. पन्हाळीत ग्रीस असतं आणि त्या ग्रीसला वस्तू चिकटते. वर काळा थर चढतो, म्हणून बॅटरीतही सोनं सोन्यासारखं दिसत नाही. सीट सरकली की तीच वस्तू दातांत सापडल्यासारखी चेपते. मोटरवर चालणारी सीट तर जोर किती लागतोय हे तुम्हाला कळूही देत नाही. पाठ मागे पाडायचा खटकाही आत्ता दाबू नका, तिथलाही सांधा चिमटा घेतो.

फोन पडला असेल तर हे आणखी कडक पाळा. विमानात सांगतात ना, फोन सीटमध्ये पडला तर सीट हलवू नका, आम्हाला बोलवा? कारण तेच आहे. लिथियमची बॅटरी चेपली की पेट घेऊ शकते.

सीट न हलवता करायचं ते असं. मागच्या दारातून आत वाका, सीटच्या मागून खाली प्रकाश टाका, आणि समोर पायदानाजवळ आरसा धरायला दुसऱ्याला सांगा. दोन्ही रूळ पुढून मागपर्यंत बघा. पन्हाळीत टेप गुंडाळलेली बांबूची काडी हलकेच घासत न्या. रुळाच्या टोकांवर प्लॅस्टिकच्या टोप्या असतात, त्यांच्या आतही बघा. दोन्ही रूळ अगदी मोकळे आहेत याची खात्री झाली की मगच सीट सरकवा, तीही बोटभर-बोटभर, प्रत्येक वेळी थांबून बॅटरीने बघत. जरा जरी अडखळली तरी तिथेच थांबा, उलट दिशेने न्या.

रूळ जिथे जमिनीला बोल्टने बसवलेला असतो तिथे कार्पेटला चीर दिलेली असते. एसीची हवा मागे नेणारी नळी असेल तर तिच्याही भोवती चीर असते. अंगठी या चिरेतून कार्पेटच्या खाली जाऊ शकते. वरून तळहाताने दाबत गेलात की जाड गादीखालीही टणक लागतं. चिरेतून दोन बोटं घाला, कार्पेट ओढून फाडू नका.

आता धोक्याची गोष्ट. सीटखाली वायरी असतात. १ जुलै २०१९ नंतर भारतात बनलेल्या गाड्यांना चालकाच्या आणि शेजारच्या सीटसाठी सीटबेल्टची आठवण करून देणारा इशारा सक्तीचा झाला, त्यामुळे तिथे जोडण्या हमखास सापडतील. काही सीटच्या कडेत बाजूची एअरबॅगही असते. एअरबॅगच्या जोडण्या सहसा पिवळ्या असतात. पिवळं दिसलं की हात मागे घ्या, ती जोडणी ओढू नका, उपसू नका. विजेच्या आणि हायब्रिड गाड्यांत जाड नारिंगी केबल दिसली तर तिला अजिबात स्पर्श नको. सीट बोल्ट काढून उचलायची वेळ आली तर ते मेकॅनिकचं काम आहे.

सीटबेल्टचं बक्कलही बघा, चमकी त्याच्या तोंडातून आत जाते. बक्कल खाली तोंड करून हलकेच थोपटा. पट्टा नीट अडकत नसेल तर ती सीट दुरुस्त होईपर्यंत कुणालाही बसवू नका.

दोऱ्याची युक्ती

वस्तू कुठून पडली हे माहीत आहे, पण गेली कुठे ते कळत नाही, अशा वेळी तिच्यासारखीच दुसरी वस्तू मुद्दाम पाडायची. साधारण तेवढ्याच वजनाचं नट, मणी किंवा स्वस्त कानातलं घ्या, त्याला हातभर पांढरा दोरा बांधा, दोऱ्याचं टोक हातात धरा आणि त्याच जागेवरून, त्याच उंचीवरून सोडा. चार-पाच वेळा करा. ते दर वेळी कुठे थांबतं ते बघा आणि तिथेच बॅटरी मारा. दोरा हवाच, नाहीतर दोन वस्तू शोधाव्या लागतील. आमची कुडी अशीच सापडली: आईच्या डाव्या कानाच्या उंचीवरून सोडलेला मणी पाचपैकी तीनदा पट्ट्याच्या बक्कलाला आपटून, फटीतून उतरून आतल्या रुळाशी जाऊन बसला.

मागची सीट

मागच्या सीटची बैठक आणि पाठ यांच्यामधली खाच म्हणजे घरातल्या सोफ्यासारखीच, सगळं गिळणारी. हात घालण्याआधी आत बॅटरी मारा. तिथे शेंगदाण्यापासून सुईपर्यंत काहीही असतं. लहान मुलांची सीट अडकवायच्या लोखंडी कड्यांच्या आणि पट्ट्यांच्या बक्कलांच्या खोबणी एकेक करून तपासा.

बैठक उचलता येते, पण प्रत्येक गाडीची तऱ्हा वेगळी. काहींत पट्टी ओढली की ती पुढे दुमडते, काहींत पुढच्या काठाखाली दोन क्लिपा असतात आणि वर जोर दिला की सुटते, काहींत बोल्ट असतात. गाडीसोबत मिळालेल्या पुस्तिकेत बघा. उचलताना एकदम झटका देऊ नका, एकाने उचलावी आणि दुसऱ्याने खाली बॅटरी धरावी, कारण बैठकीला चिकटलेली वस्तू त्याच क्षणी पडते. खाली गोल झाकण दिसलं तर ते बऱ्याच गाड्यांत पेट्रोलच्या पंपाचं असतं, ते उघडायचं नाही.

डॅशबोर्डची फट

अंगठी काढून डॅशबोर्डवर ठेवायची सवय फार वाईट. क्रीम लावायला, पेरू खायला म्हणून काढतात, गाडी वळते, आणि अंगठी समोरच्या काचेच्या पायथ्याशी असलेल्या लांब फटीत जाते. काचेवरची वाफ घालवायला गरम हवा तिथूनच येते.

पंखा लावू नका. हवेची दिशा बदलायचं बटणही फिरवू नका, आत झडपा आहेत आणि वस्तू त्यांच्यात अडकू शकते. आधी बारीक कॅमेरा किंवा आरसा आणि बॅटरीने बघा. बऱ्याचदा वस्तू नळीच्या पहिल्या वळणावर थांबलेली असते. लवचीक पट्टीच्या टोकाला दुहेरी टेप लावा, वस्तूवर टेकवा, पाच-सहा सेकंद दाबा आणि सरळ वर आणा. तिरकी आणलीत तर ती कडेला घासून सुटते आणि आणखी खोल जाते. लोखंडी वस्तू असेल तर पट्टीच्या टोकाला लहान चुंबक चिकटवा.

हाताला लागत नसेल तर सोडून द्या, म्हणजे तात्पुरतं. सोनं तिथे खराब होत नाही. पूर्ण डॅशबोर्ड काढणं मोठं, महागडं आणि किचकट काम आहे. पुढे कधी त्यातलं काम निघणारच असेल तर त्याच वेळी काढून घ्या. खर्चाचा अंदाज विचारून वस्तूच्या मोलाशी ताडून बघा. त्या मोलात आठवण किती धरायची हे तुमचं तुम्ही ठरवा, मेकॅनिकला ठरवू देऊ नका.

वायपरच्या खाली, बोनेटच्या मागच्या जाळीत वस्तू बाहेरून पडली असेल तर गोष्ट वेगळी. तिथून पावसाचं पाणी जायला वाटा असतात, पाणी ओतू नका. जाळीवरची पानं हाताने वेचा, चाळा. एसीच्या हवेची गाळणी बऱ्याच गाड्यांत डाव्या बाजूच्या कप्प्यामागे असते. हलक्या वस्तू कधी तिथवरही पोहोचतात.

दाराच्या आत

काच आणि रबरी पट्टीच्या मधून नथ, सिमकार्ड, चमकी दाराच्या पोकळीत पडते. दाराच्या तळाला पाणी निचरायला भोकं असतात आणि बारीक वस्तू तिथून बाहेर निसटू शकते. म्हणून पहिलं काम: दार सावकाश उघडून तळाच्या भोकांवर बाहेरून टेप लावा. दुसरं: काच वरखाली करू नका. तिसरं: दाराचं आतलं आवरण काढायला ओळखीचा मेकॅनिक गाठा. त्याच्या क्लिपा जुन्या गाडीत तुटतात, नव्या दोन-चार जवळ ठेवायला सांगा. फार वेळाचं काम नाही, आणि वस्तू दाराच्या तळाशी पडलेली मिळायची शक्यता चांगली असते.

गिअरच्या दांड्याभोवतीचं चामडी आवरण, हँडब्रेकची खाच आणि कप ठेवायचे खळगे बॅटरीने बघून होतात. आपोआप बदलणाऱ्या गिअरच्या खाचेत धातूची काडी घालू नका, आत विजेच्या जोडण्या असतात. डिकीत मॅट उचला, स्टेपनी काढा, तिच्या खळग्यात बघा. पुढच्या सीटमागचे खिसे विसरू नका. बस्स.

व्हॅक्यूम, पण शेवटी

डोळे आणि हात दमले की मग. व्हॅक्यूमच्या नळीच्या तोंडावर पातळ पायमोजा किंवा मच्छरदाणीचा दुहेरी तुकडा ताणून रबरबँडने घट्ट बांधा, थोडा भाग आत ढकला म्हणजे वाटीसारखी खोल जागा होते. हवा ओढली जाते, वस्तू कापडाला येऊन चिकटते. दर अर्ध्या मिनिटाला चादरीवर नेऊन बंद करा, काय पडलं ते बघा. बारीक जोडणी लावून रुळाकडे, खाचांकडे न्या.

वॉशिंग सेंटरला मात्र आधी जाऊ नका. तिथल्या मोठ्या यंत्राच्या टाकीत दिवसभराच्या गाड्यांची धूळ एकत्र होते. गाडी धुऊन आल्यावर वस्तू हरवल्याचं कळलं तर लगेच फोन करा, टाकी रिकामी करू नका म्हणा, आणि चाळण घेऊन स्वतः जा. नम्रपणे विचारलंत तर कामगार मदत करतात. आरोपाच्या सुरात विचारलंत तर टाकी केव्हाच रिकामी झालेली असते.

इअरबड आणि श्रवणयंत्र

इअरबड डबीबाहेर असेल आणि चार्ज शिल्लक असेल तर फोनमधून आवाज वाजवता येतो. गाडी बंद, काचा बंद, सगळे गप्प, आणि कान सीटला लावून ऐका.

आजी-आजोबांचं श्रवणयंत्र हरवलं तर मात्र बाकी सगळं बाजूला ठेवा. ते टोपी, मफलर, मास्क, चष्मा काढताना त्यांच्याबरोबर निघून येतं, म्हणून आधी त्याच वस्तू बघा. यंत्र चालू असेल आणि कोपऱ्यात दबलं असेल तर कित्येकदा बारीक शिट्टीसारखा आवाज करतं. तो आवाज ज्यांचं यंत्र आहे त्यांना ऐकू येणार नाही, घरातल्या लहान मुलाला शोधायला बसवा. लहान सेलचं यंत्र काही दिवस, चार्जिंगचं साधारण दिवसभर चालतं, त्यामुळे आजच शोधायला हवं. उन्हात तापलेल्या गाडीत आणि दमटपणात ते खराबही होतं. आणि शोध चालू असताना आजोबांना काय चाललंय ते समोर बसून, ओठ दिसतील असं सांगा.

टॅक्सी किंवा दुसऱ्याची गाडी असेल तर

ॲपवरून केलेल्या टॅक्सीत झालेल्या प्रवासांच्या यादीतून वस्तू हरवल्याचं कळवता येतं. जितक्या लवकर कळवाल तितकं बरं, दर प्रवाशागणिक वस्तू आणखी आत ढकलली जाते. चालकाला नुसतं ‘कानातलं पडलंय’ म्हणू नका. कुठल्या बाजूला बसला होता, सीट पुढे-मागे करू नका, बक्कलाच्या बाजूची फट बघा, एवढं नेमकं सांगा. तो धंद्याचा वेळ मोडून शोधतोय, त्याच्या वेळेचे पैसे देऊ करा. वस्तू मोलाची असेल आणि सापडली नाही तर पोलिसांकडे गहाळ झाल्याची नोंद करा, मुंबई-पुण्यात ती ऑनलाइनही होते. दागिन्याचा विमा असेल तर ती नोंद लागते. गाडीचा नेहमीचा विमा आतल्या दागिन्यांचा नसतो.

तरीही सापडली नाही तर

एका कागदावर गाडीचं साधं चित्र काढा, जिथे नीट बघून झालं तिथे खूण करा, तारीख घाला. दुसऱ्या दिवशी ताज्या डोळ्यांनी, शक्यतो दुसऱ्या माणसाला, खुणा नसलेल्या जागा बघायला सांगा. ज्याने पहिल्यांदा शोधलं तो त्याच जागा पुन्हापुन्हा बघतो.

गाडी सर्व्हिसिंगला देताना कामाच्या कागदावर लिहून घ्या: ‘आतून साफसफाई करू नये, डाव्या सीटजवळ सोन्याची कुडी हरवली आहे, सीट काढल्यास मालकाला बोलवावे.’ सीट उचलतील तेव्हा शक्य असेल तर तिथे उभे राहा, मेकॅनिकच्या पायाशी चादर पसरा आणि बोल्टची भोकं, रुळांचा खालचा भाग, कार्पेटच्या चिरा स्वतः बघा. गाडी विकायची वेळ आली तर आधी एकदा दोन्ही पुढच्या सीटा उचलून घ्या.

आणि सापडली की ती लगेच कानात घालू नका. ग्रीस लागलेलं असेल तर कोमट पाण्यात साध्या साबणाने, मऊ ब्रशने धुवा. मोती आणि ओवलेले दागिने पाण्यात बुडवू नका, ओल्या मऊ कापडाने पुसा. मग सोनाराकडे नेऊन फिरकीचे आटे झिजलेत का ते बघून घ्या, जोडीतल्या दुसऱ्याचेही.